हरणाच्या डोक्याचा निकाल

बुधवार, २० नोव्हेंबर

एल्डनची शिकारीची वही वेगळी आणि ही वेगळी. त्याच्या वहीत वारा, थंडी आणि दिसलेली हरणं एवढंच लिहायचं, असा त्याचा हुकूम आहे. तेही लिहीन. पण मला काय वाटलं याला त्या वहीत रकाना नाही, म्हणून ही वही आणली. गोधडीच्या तुकड्यांच्या टोपलीत ठेवणार आहे. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने त्या टोपलीत बोटसुद्धा घातलेलं नाही, त्यामुळे बँकेच्या तिजोरीपेक्षा ती जागा बरी.

तर झालं असं, की ऑक्टोबरात एल्डनचा डावा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, नाताळपर्यंत मचाणावर चढायचं नाव काढायचं नाही. गुडघा कापताना हूं की चूं न केलेला माणूस हे ऐकून डोळ्यांत पाणी आणून बसला. शनिवारी शिकारीचा मोसम उघडतोय, नऊच दिवसांचा. सत्तेचाळीस वर्षांत त्याचा एकही मोसम चुकलेला नाही. आणि हरीण नाही म्हणजे पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीच्या शेजारी हरणाच्या पाठीचा भाजलेला तुकडा नाही. आम्हा हाउगेरुडांच्या घरात तो नसेल तर टर्की उठून जाईल, अशी एल्डनची समजूत आहे.

त्याचं ते तोंड बघवेना, म्हणून मी बोलून बसले, "मी जाते."

हसून हसून त्याच्या मांडीखालची उशी पडली. "तू? अगं, घरात उंदीर निघाला तर तू टेबलावर चढतेस!"

"मग? चढता येतं ना मला? मचाणावर दुसरं काय करायचं असतं?"

उन्हाळ्यात इंगाबरोबर गंमत म्हणून नेमबाजी शिकले होते, हे तो विसरला होता. इंगा म्हणजे आमची लेक. मॅडिसनला असते, पाचवा महिना चालू आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर

मारलं! मी मारलं! मी, आर्लिस हाउगेरुड, वय चौसष्ट, हिने सकाळी सात चाळीसला, सत्तर पावलांवरून, एका गोळीत. नर. शिंगांना आठ टोकं. वारा वायव्येचा होता की आणखी कुठला, कोण बघतंय!

आधी मी त्या हरणाची माफी मागितली, आणि मग मचाणावर बसूनच एल्डनला फोन केला. तो इतक्या जोरात ओरडला की गावातून फोनशिवायही ऐकू आलं असतं. मग त्याने फोनवरून एकेक पायरी सांगितली: इथे सुरी लाव, इथे थांब, आतडं फोडू नकोस. मी दुहेरी रबरी हातमोजे घातले होते. ते त्याला सांगितलं, तर फोनमधून किरकिर, "हातमोजे कसले? ऑपरेशन करतेस की काय?"

"तुझ्या गुडघ्यात डॉक्टरने उघडा हात घातला असता तर चाललं असतं का?" मी विचारलं. मग त्याने पुढची पायरी सांगितली.

शेजारच्या कोर्टनीने ट्रॅक्टर आणून हरीण ओढून दिलं. दिसायला कसं देखणं! पाठीवर बोटभर चरबी, डोळे काचेसारखे. एल्डन काठी टेकत अंगणात आला, हरणाभोवती एक फेरी मारली, माझ्याभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाला, "आर्लिस, पंधरा वर्षांत मी असला नर मारला नाही." वीस वर्षांपूर्वी माझ्या कुठल्याही कामाचं असं कौतुक करायला याचं काय गेलं असतं?

रविवार, २४ नोव्हेंबर

आज भांडण. कारण, डोकं.

आमच्या भागात हरणांना झिजणीचा रोग आहे, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मेंदूतलं कसलं तरी प्रथिन वाकडं होतं, ते शेजारच्याला वाकडं करतं, आणि हरीण वर्ष-दीड वर्षाने झिजून मरतं. तोवर मात्र धडधाकट दिसतं. शार्लीनच्या गळ-आमिषांच्या दुकानाबाहेर वन्यजीव खात्याने पेटी ठेवली आहे. मानेच्या तुकड्यासकट डोकं पिशवीत घालून तिथे टाकायचं, अर्ज भरायचा, पावती घ्यायची. निकाल दहा-पंधरा दिवसांत.

माणसाला हा रोग झाल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. पण पत्रकात स्वच्छ लिहिलंय, निकाल येईपर्यंत खाऊ नका. आणि शिजवून तो मरत नाही. उकळा, भाजा, तळा, काही फरक पडत नाही. चाळीस वर्षं चर्चचं स्वयंपाकघर चालवलेल्या बाईला हे वाचून केवढा अपमान वाटला! माझ्या ओव्हनमधून सुटून जाणारी वस्तू देवाने बनवलीच कशी?

एल्डन म्हणतो, "माझ्या आजोबांनी कधी डोकं तपासायला दिलं होतं?"

"तुझ्या आजोबांनी दातही कधी तपासायला दिले नव्हते. शेवटी किती उरले होते?"

शेवटी शिंगं त्याला काढून दिली आणि डोकं मी नेऊन टाकलं. अर्जावर फोन नंबर एल्डनचा लिहिला, कारण माझा फोन पर्सच्या तळाशी वाजतो आणि तिथेच मरतो.

मग दिवसभर मांस सोडवत बसले. पत्रकात होतं तसं. कण्याला करवत लावली नाही, गळ्यातल्या गाठी, प्लीहा, कशालाही सुरी लागू दिली नाही. सुऱ्या ब्लीचच्या पाण्यात. एल्डन खुर्चीत बसून बघत होता आणि दर दहा मिनिटांनी "माझी आई असती तर" म्हणत होता. त्याची आई असती तर मी तिलाही हातमोजे घातले असते.

सोमवार, २५ नोव्हेंबर

एल्डनचं म्हणणं, "डोकं दिलंस ना? मनाची शांती झाली ना? आता गुरुवारी पाठीचा तुकडा भाज."

"निकाल गुरुवारपर्यंत येत नाही."

"मग निकालासाठी ताट वाढून ठेव. आम्ही जेवतो."

मी म्हटलं, इंगा पोटुशी आहे. तर म्हणतो, "इंगा मी नऊ महिन्यांची असल्यापासून हरीण खातेय." मी नऊ महिन्यांची! उत्साहात व्याकरणही सोडून गेलं. त्याला मुळात कळतच नाही. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो मचाणावर नव्हता, आता टेबलावरही त्याचं हरीण नसेल तर माणसाचं काय उरलं, असं त्याच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं. मला राग आला आणि दयाही आली. दोन्ही एकदम आलं की मी खोटं बोलते, हा माझा जुना दोष आहे.

म्हटलं, "बरं. भाजते."

मंगळवार, २६ नोव्हेंबर

गाडी काढून वीस मैलांवरच्या गावात गेले. आपल्या गावातला खाटीक तोंडाळ आहे. गोमांसाचा एक लांबट, अजिबात चरबी नसलेला तुकडा घेतला. घरी आणून रेड वाइनमध्ये बुडवला, वर जुनिपरची फळं ठेचून टाकली. हरणाच्या पाठीचा खरा तुकडा कागदात गुंडाळून त्यावर "बीट" लिहिलं आणि तळघरातल्या फ्रीझरच्या अगदी तळाशी घातला. एल्डन बिटाला जन्मात हात लावणार नाही.

निकाल चांगला आला की खरं सांगेन आणि खरा तुकडा वाढेन. मग पोटभर हसू सगळे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

इंगा आणि ट्रेव्हर आले. ट्रेव्हर आमचा जावई, गुणाचा आहे, पण पालापाचोळा खातो. इंगाचं पोट आता दिसायला लागलंय. एल्डन तिला दारातून खुर्चीपर्यंत असा घेऊन आला, जणू ती अंड्यांची टोपली.

ताट टेबलावर आलं. घराची रीत अशी, की ज्याने हरीण मारलं त्याने पहिली फोड कापायची. सुरी माझ्या हातात. सगळे उभे. मला शरमेने घाम फुटला होता आणि सगळ्यांना वाटलं, भावना दाटल्या.

इंगाने काटा उचलला आणि विचारलं, "बाबा, तपासून घेतलं ना?"

मी तोंड उघडायच्या आत एल्डन म्हणाला, "तपासलं! एकदम चोख. खा तू."

केवढं धडधडीत खोटं! मी त्याच्याकडे रोखून बघितलं. त्याने बशीत बघितलं. पण मी कुठल्या तोंडाने बोलणार? एका टेबलावर दोन लबाड बसले होते, आणि माझी लबाडी तर ताटातच होती.

इंगाने दोन फोडी खाल्ल्या, मी दोन, एल्डनने तीन. डोळे मिटून म्हणाला, "ही खरी चव! आपल्या टेकडीवरची ओकची फळं लागतात बघ यात. दुकानाच्या मांसाला हे कुठून येणार?" मग माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणाला, "आर्लिस, माझ्या आईच्या हातालाही असं जमलं नव्हतं."

एक्केचाळीस वर्षं या वाक्याची वाट बघितली. आलं तेही गाईच्या जिवावर.

सोमवार, २ डिसेंबर

काही नाही. बर्फ. एल्डनने कोर्टनीला, टपालवालीला आणि दोन अनोळखी माणसांना माझ्या हरणाची गोष्ट सांगितली. दर खेपेला पावलं वाढतायत. आता शंभराच्या वर गेली.

गुरुवार, ५ डिसेंबर

दुपारी एल्डनचा फोन वाजला. मी पाव मळत होते. तो दिवाणखान्यात बोलत होता, "हो... हो. हरीण बायकोचं... नाही, नाही, तिला मी सांगतो."

मी विचारलं, कोण होतं? म्हणाला, दवाखाना, गुडघ्याबद्दल विचारत होते. म्हणजे आता दवाखान्यालाही माझ्या हरणाची गोष्ट सांगून झाली!

मग तळघरात गेला आणि तासभर वर आला नाही. जिने चढू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं! दवाखान्याने काहीतरी वाईट सांगितलं असणार. गुडघा परत उघडावा लागतो की काय, कोण जाणे. संध्याकाळी जेवला नाही. माझ्याकडे बघत बसला होता.

रविवार, ८ डिसेंबर

एल्डनने भांडी घासली.

पुन्हा लिहिते, नाहीतर पुढच्या वर्षी वाचताना मलाच खरं वाटायचं नाही. एल्डन हाउगेरुडने, उभं राहून, साबणाने, भांडी घासली. कुणी सांगितलं नव्हतं.

चर्चहून येताना गाडीत मी त्याला सांगत होते, की कॉफीच्या मोठ्या किटलीवरून मी आज पास्टरना चांगलं फैलावर घेतलं. नेहमी तो हसतो. आज पांढराफटक पडला. "तू त्यांना घाबरली नाहीस? अजिबात?"

"मी कधी कुणाला घाबरले?"

"नाही, पण... पूर्वी थोडी तरी घाबरायचीस ना?" अगदी काकुळतीला येऊन विचारत होता. काय मेल्याचं चाललंय कळत नाही.

निकालाचं विचारलं. "सरकारी काम आणि सहा महिने थांब," म्हणाला आणि विषय बदलला.

सोमवार, ९ डिसेंबर

सकाळी मला म्हणतो, "आर्लिस, तू बारीक झालीस का गं?"

मी तर पाघळलेच. तीन आठवडे लोणी-साखर कमी केलंय, कुणीतरी बघितलं म्हणायचं! म्हटलं, "हो, दोन किलो गेले."

त्यावर नवरा खुश व्हावा की नाही? याने वजनकाटा उचलला, स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवला आणि म्हणाला, "रोज सकाळी उभी राहत जा. मी लिहून ठेवतो." आणि मग ताटात बटाट्यांचा डोंगर वाढला. शिवाय सारखा माझ्या कानांकडे बघत होता. नवे डूल आवडले असावेत, पण तसं म्हणाला नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

इंगाचा फोन. "अगं आई, बाबांना काय झालंय?"

पंधरा वर्षं जो "थांब, आईला देतो" यापलीकडे फोनवर एक वाक्य बोलला नाही, तो आता तिला रोज फोन करतो! मला पत्ता नाही. काल तिला विचारलं म्हणे, चालताना तोल जातो का? तहान फार लागते का? तोंडाला पाणी सुटतं का?

"मी म्हटलं, बाबा, मी पाच महिन्यांची गरोदर आहे, हे तिन्ही मला रोज होतं. तर त्यांनी 'अरे देवा' म्हणून फोनच ठेवून दिला."

मी म्हटलं, आजोबा होणार आहे ना, हळवा झालाय. तिलाही पटलं. मला मात्र पूर्ण पटलेलं नाही. आजोबा तो पाच महिन्यांपासून होतोय, भांडी मात्र रविवारपासून घासतोय.

बुधवार, ११ डिसेंबर

पाणी कुठेतरी मुरतंय.

सकाळी व्यायामाच्या बाईकडे गुडघा दाखवायला म्हणून गेला तो चार तासांनी आला. तिचं घर दहा मिनिटांवर आहे. दुपारी टपाल टाकायला मी बाहेर पडले, तर याची पिकअप शार्लीनच्या दुकानासमोर. शार्लीन विधवा आहे, अठ्ठावन्नची आहे, आणि नोव्हेंबरातही गळ्याचं वरचं बटण लावत नाही. बर्फाला भोक पाडून मासे धरायचे म्हटलं, तर तलावावर अजून पुरता बर्फही धरलेला नाही, आणि ज्याला वाकता येत नाही त्याला गळाचं आमिष कशाला लागतं?

घरी आल्यावर विचारलं, कुठे होतास? म्हणाला, "इथेच." खिशातून कसली तरी पत्रकं डोकावत होती, ती त्याने आत ढकलली.

संध्याकाळी मला म्हणाला, "आर्लिस, जरा जमिनीच्या या फळीवरून सरळ चालून दाखव." मी दाखवलं. "आता शंभरापासून सात-सात वजा करत जा." मी म्हटलं, "तू करून दाखव आधी." त्याला शहाऐंशीच्या पुढे जाता येईना. तरी माझ्याकडेच असा बघत होता, जशी मी नापास झाले.

मला वाटतं, मी वेडी आहे असं ठरवून हा मला कुठेतरी ठेवायच्या बेतात आहे. मग त्या बटणवालीला रान मोकळं.

गुरुवार, १२ डिसेंबर

सात-सात वजा करून बघितले. दोनपर्यंत बरोबर आले. मी वेडी नाही.

शुक्रवार, १३ डिसेंबर

तळघरात फ्रीझर उघडला आणि खाली बसले. हरीण नाही! दोन टोपल्या भरून पाकिटं होती, प्रत्येकावर माझ्या अक्षरात पावतीचा नंबर. निम्म्याहून जास्त गायब. तळाशी बिटाचं पाकीट तेवढं तसंच.

माझं हरीण! माझं पहिलं, एका गोळीतलं! ते याने तिला नेऊन दिलं. भांडी घासली, बटाटे वाढले, कानांकडे बघितलं, सगळं कशासाठी ते आता कळलं. चोराच्या मनात चांदणं! एक्केचाळीस वर्षांत मी इतकी रडले नव्हते. आई गेली तेव्हाही मी आधी पाहुण्यांचा स्वयंपाक केला होता.

आणि निकाल आलेला नसताना तिला खायला दिलं. त्यात जर काही असेल, तर शार्लीन... जाऊ दे. देव मला क्षमा करो, तो विचार मी पाच मिनिटं केला आणि मग सोडला. तिला सांगायला हवं. उद्या त्याच्या मागे जाते. दोघांना एकदमच सांगेन.

शनिवार, १४ डिसेंबर

आज सगळं सविस्तर लिहिते.

सकाळी दहाला एल्डनने टोपलीवर गोणपाट टाकून पिकअपमध्ये ठेवली. "हार्डवेअरच्या दुकानात जाऊन येतो." मी दोन मिनिटं थांबले आणि माझी गाडी काढली. शार्लीनच्या दुकानाशी तो वळेल म्हणून मी आधीच वेग कमी केला. तो वळला नाही. सरळ गेला. गावाबाहेर, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गॅरेजच्या मागे, जिथे शिकाऱ्यांनी हाडं-कातडी टाकायची म्हणून मोठा लोखंडी डबा ठेवलाय, तिथे थांबला.

रस्त्यावरचा बर्फ वितळवायला तिथे मिठाचा ढीग असतो, त्या मिठाच्या ढिगाआड मी गाडी लावली. एल्डन उतरला. हातात माझे भांडी घासायचे गुलाबी हातमोजे. टोपली ओढली, एक पाकीट उचललं, त्यावरचं माझं अक्षर वाचल्यासारखं धरून उभा राहिला आणि डब्यात टाकलं. मग दुसरं. नाक पुसत होता, त्याच गुलाबी हातमोज्याने.

मी रागाने ठरवून ठेवलेलं सगळं विसरले. नुसतं ओरडले, "एल्डन! माझं हरीण तू कचऱ्यात टाकतोस?"

तो वळला. असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता, त्याच्या बापाच्या दफनातही नाही.

"तुला इथे यायला कुणी सांगितलं?"

"शार्लीनला का नाही दिलंस?"

"शार्लीनला?" त्याला खरंच काही कळेना. "शार्लीनला कशाला देऊ? विष आहे ते, आर्लिस."

मग सगळं बाहेर पडलं, उभ्या उभ्या, थंडीत. फोन दवाखान्याचा नव्हताच. खात्याचा होता. डोकं रोगी निघालं. ते लोक म्हणाले, खाऊ नका, उरलेलं इथे आणून टाका. कुणी खाल्लं असेल तर घाबरू नका, माणसाला झाल्याचं अजून दिसलेलं नाही. "अजून!" एल्डन म्हणाला. "त्या बाईने 'अजून' म्हटलं, आणि माझं बाकीचं ऐकणंच बंद झालं. इंगाने दोन फोडी खाल्ल्या, आर्लिस. तिने मला विचारलं होतं. माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, बाबा, तपासलं ना? आणि मी..."

शार्लीनच्या दुकानाबाहेरची पत्रकं त्याने सगळी वाचली होती, दोन-दोनदा. हरीण झिजतं, तोल जातो, लाळ गळते, कान पडतात, माणसाची भीती जाते. नऊ दिवस तो ती लक्षणं माझ्यात शोधत होता. आणि बुधवारी व्यायामाच्या बाईकडे गेलाच नव्हता. मॅडिसनला गेला होता. इंगाच्या घरासमोर गाडी लावून बसला, दार वाजवायचा धीर झाला नाही, आणि परत आला. असं दोनदा.

"ऐक," तो म्हणाला, "बाळाला उद्या काही झालं, तर हरीण तू मारलंस असं तिला कळू द्यायचं नाही. मी मारलं म्हणायचं. मीच आग्रह केला, मीच खोटं बोललो. तुझं नाव यात यायला नको."

मला हसू आलं. देवाशप्पथ, वाईट वाटत होतं, आणि हसू आलं. त्याला वाटलं, झालं, आलं शेवटचं लक्षण.

"एल्डन, ते गोमांस होतं."

"काय?"

"गुरुवारचं. गोमांस. वीस मैल जाऊन आणलं. हरणाची पाठ अजून फ्रीझरच्या तळाशी आहे, वर 'बीट' लिहिलंय."

"इंगाने?"

"गोमांस."

"म्हणजे बाळानेही?"

"बाळानेही गोमांसच खाल्लं, गाढवा."

तो पिकअपच्या मागच्या उघड्या फाळक्यावर बसला आणि गुलाबी हातमोज्यांत तोंड घालून हमसून हमसून रडला. मी ते हातमोजे आधी ओढून काढले, कारण त्यांनी ती पाकिटं धरली होती. मग त्याचं डोकं माझ्या कोटाशी धरलं. मीही रडले. काउंटीचा एक माणूस मिठाचं फावडं घेऊन कोपऱ्यावरून आला, आम्हाला बघितलं आणि आला तसा परत गेला.

जरा शांत झाल्यावर मला एकदम सुचलं. म्हटलं, "का रे, माझी फळीवर परेड केलीस, रोज वजन केलंस, इंगाला पिडलंस. आणि स्वतःचं काय? तू तर तीन फोडी खाल्ल्या होत्यास."

तो हळूच म्हणाला, "अरेच्चा. हो की. माझ्या लक्षातच आलं नाही."

नऊ दिवस! नऊ दिवसांत एकदाही या माणसाला आठवलं नाही, की आपणही जेवायला बसलो होतो. मी काल पाच मिनिटं काय विचार केला होता ते मी त्याला सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

त्याच्या खिशात साधे हातमोजे होते ते मी घातले. उरलेली पाकिटं आम्ही दोघांनी मिळून टाकली. माझा हात दरवेळी जरासा थांबत होता, पहिलं हरीण होतं शेवटी. बिटाचं पाकीट तेवढं सोमवारी आणून टाकू. मग त्याने गाडीतूनच इंगाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. ती आधी दोघांवरही कडाडली, मग रडली, मग म्हणाली, की पुढच्या वर्षी निकालाचा कागद टेबलावर ठेवल्याशिवाय ती काटा उचलणार नाही. एल्डन म्हणाला, मी स्वतः फ्रेम करून ठेवतो.

तो अजून डोळे पुसत होता, म्हणून पिकअप मी चालवली. माझी गाडी मिठाच्या ढिगाआडच राहिली. वाटेत मी विचारलं, "जेवायला काय करू?"

"काहीही कर," तो म्हणाला. "पण जे असेल ते, त्याच्या नावानेच वाढ."

कोंबडी भाजली. कोंबडी म्हणूनच वाढली.